फुलपात्रानं मोजलेलं पाणी

माझ्या आजारपणाची हकिगत सांगायला लागले की ऐकणारी बाई मध्येच थांबवते आणि विचारते, "पण तुझ्या आईनं असं कसं केलं गं?" म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या आईनं माझ्यावर जेवढी माया केली तेवढी कुणी केली नाही, आणि त्या मायेपायीच मी मरणाच्या दारात जाऊन आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांना यातली एकच ऐकायची असेल त्यांनी पुढं वाचू नये.

मी अश्विनी. बारामतीत ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. तोंडानं फटकळ आहे. माझा नवरा संदीप म्हणतो, हिच्या दुकानात बायका माप द्यायला कमी आणि हिची बडबड ऐकायला जास्त येतात. तो एमआयडीसीत कामाला. सासर कोऱ्हाळे बुद्रुकचं, माहेर अंथुर्ण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. दवाखान्यात मुलगी झाली, सगळं नीट झालं, आणि ऐन उन्हाळ्यात मी बाळाला घेऊन आईकडं अंथुर्ण्याला आले.

मागची खोली

आईनं मागची पत्र्याची खोली माझ्यासाठी शेणानं सारवून ठेवली होती. वारं नको म्हणून खिडकीला गोधडी लावलेली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. माझ्या कानाला घट्ट फडकं. बाहेर ऊन असं, की कुत्रं सावलीतून उठत नव्हतं, आणि मी आत घामानं निथळतेय.

पण लाड विचारू नका. वडील गेल्यापासून आई एकटी राहते, भाऊ कामासाठी लांब. तरी तिनं डिंकाचे लाडू आधीच करून ठेवलेले. रोज अळिवाची खीर, तुपात कुस्करलेली बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. माझ्या अंगाला तेल चोळताना तिचे हात भरून यायचे, पण थांबायची नाही. लहानपणी मला एवढं कधी कुरवाळलं नव्हतं तिनं. कामाच्या रगाड्यात जमायचंच नाही.

आणि पाणी मात्र फुलपात्रानं. तेही उकळलेलं, ओवा घातलेलं, मोजून. बाळंतीण पाणी प्याली की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, टाके ओले राहतात. आमच्या भागात हे सगळ्या बायकांना पाठ असतं, आणि त्यातली एकही बाई वाईट मनाची नसते.

"आई, घशाला कोरड पडलीय. तांब्या दे की."

"खीर खा. खिरीत काय पाणी नसतं व्हय?"

"खिरीनं तहान भागती का? तू पिऊन बघ."

"मी न्हाय बाळंतीण."

आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भरपूर पाणी प्यायचं, अंगावर पाजताय तुम्ही." आई "व्हय, व्हय" म्हणाली. त्यांची पाठ वळली तसा तांब्या उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

एकदा मी फारच तोंड सोडलं. म्हटलं, तू आई आहेस का जेलर? तिनं भांडावं अशी माझी अपेक्षा होती, कारण आम्ही दोघी भांडण्यात सारख्याच. पण ती खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला न्हाय ठावं. पाण्यानं बाई जाती. म्या बघितलंय." मला वाटलं, म्हाताऱ्या बायका बोलतात तसं बोलतेय. मी फुलपात्र तोंडाला लावलं.

झबल्याचे बंद

डोकं दुखायला लागलं ते आधी कपाळाच्या मागं, मग सगळीकडं. आई म्हणाली वारं शिरलं. सुंठ उगाळून लावली, फडकं आणखी आवळलं, शेगडीत निखारे वाढवले. मीही तेच धरून चालले. बाळंतिणीचं डोकं दुखणारच, झोप कुठं होते? फोनवर संदीप म्हणायचा, "डॉक्टरला दाखवा," आणि मी त्यालाच गप्प करायचे. मग उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, खीर पचली नसंल.

एका सकाळी मी बाळाला झबलं घालत होते. झबल्याचे बंद बांधायला गेले तर उजवा हात ऐकेना. डोळे झाकून हुक लावणारी बाई मी, आणि दोन बंदांची गाठ मला पडत नव्हती. आईला सांगायला तोंड उघडलं, "आई, माझा हात बघ." पण तोंडातून निघालं, "अस्तर."

अस्तर म्हणजे ब्लाऊजला आतून लावतात ते कापड. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अस्तर. आई हसली. "दुकान इसर की बाई आता थोडे दिस," म्हणाली.

पुढचं मला आठवत नाही, सांगितलेलं माहीत आहे. मला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. आईनं हाका मारायला सुरुवात केली तशी शेजारच्या शमीमभाभी धावत आल्या. त्यांचं आणि हमीदभाईंचं किराणा दुकान आमच्या घराला लागूनच. आई म्हणत होती, बाहेरचं काय तरी लागलंय, कुणाला तरी बोलवा. शमीमभाभींनी तिचे खांदे धरले. "मावशी, हे बाहेरचं न्हाय आन् वारंबी न्हाय. आमचे हे गाडी काढत्यात. तुमी फक्त पोरीचं डोकं मांडीवर घ्या."

हमीदभाईंच्या मालाच्या व्हॅनमधून साखरेची पोती रस्त्यावरच उतरवली. भाभी बाळाला छातीशी धरून पुढं बसल्या आणि दुकान तसंच उघडं राहिलं. भवानीनगर मागं पडेपर्यंत मला आणखी एक झटका येऊन गेला होता. आई सारखं एकच म्हणत होती म्हणे, "इतकं जपलं, इतकं जपलं."

आईचं उत्तर

बारामतीच्या हॉस्पिटलमध्ये डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं. संदीप कामावरून तसाच आला होता. डॉक्टरबाईंनी आईला आणि त्याला समोर बसवलं. डोक्यातून रक्त परत खाली आणणारी जी शीर असते, तिच्यात गाठ धरून ती तुंबली होती. पाटाची चारी तुंबली की पाणी रानात पसरतं, तसा मागं मेंदूवर दाब आला होता. वाचेल का, असं संदीपनं विचारलं. "आज उद्या काही सांगत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पीत होत्या?"

आई पटकन पुढं सरकली. "त्येची काळजीच करू नका डॉक्टरबाई. म्या फुलपात्रानं मोजून दिलं. एक घोट जास्त न्हाय."

संदीपनं मला हे फार नंतर सांगितलं. तो म्हणतो, वर्गात पहिला नंबर आलेल्या पोरीसारखं तिचं तोंड होतं. तिला वाटलं डॉक्टर शाबास म्हणतील.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं, की बाळंतपणानंतर काही दिवस बाईचं रक्त गोठण्याकडं जास्त झुकलेलंच असतं. त्यात अंगात रक्त कमी, वर हा उन्हाळा, घाम, आणि पाणी बंद, मग ते आणखी दाट होतं. असल्या बायका दर उन्हाळ्यात येतात त्यांच्याकडं. काही उशिरा येतात.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून ती खोलीच्या बाहेर गेली, आणि त्यानंतर तिनं माझ्या बाळाला हात लावला नाही.

अस्तराची भाजी

शुद्धीवर आले तेव्हा पोटात सुया टोचून टोचून काळीनिळी झाले होते. रक्त पातळ करायच्या त्या सुया. सकाळी सिस्टर यायच्या, पडदा सरकवायच्या, ताप, बीपी, सुई. मग वॉर्डातल्या कामवाल्या मावशी येऊन केस विंचरायच्या, आणि विंचरताना शेजारच्या पेशंटच्या सगळ्या भानगडी सांगायच्या. मला ते फार आवडायचं. बोलता येत नसलं तरी दुसऱ्याच्या भानगडी ऐकायला काही त्रास नव्हता.

डोक्यात सगळं लख्ख होतं. संदीप दिसला की हा संदीप हे कळायचं, पण तोंडातून "अस्तर" निघायचं. सिस्टर अस्तर, गोळी अस्तर, डॉक्टरबाईसुद्धा अस्तर. ज्या तोंडाच्या जोरावर आजवर जगले ते असं बिनकामाचं झालेलं बघून मी उशीत तोंड खुपसून रडायचे. भीती मरणाची नव्हती, खरं सांगते. मुलीला कधी हाकच मारता येणार नाही, ही भीती होती.

बाळ आणि मी, दोघी सासूबाईंच्या वाट्याला आलो. त्यांना मी आत्या म्हणते. त्या कोऱ्हाळ्याहून येऊन बारामतीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत राहिल्या. डॉक्टरांनी पाजायला परवानगी दिल्यावर रोज बाळाला आणून माझ्या कुशीत ठेवायच्या. उजव्या हाताला जोर नव्हता, तर आत्या स्वतःचा हात खाली धरून बसायच्या. शिवाय बोलायला शिकवायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. पिशवीतून एकेक वस्तू काढायच्या.

"हे काय हाय?"

वांगं होतं. मला माहीत होतं. "अस्तर," मी म्हणाले.

"बरं. आज अस्तराची भाजी करते, भरून." आणि खरंच दुसऱ्या दिवशी डब्यात भरलं वांगं आणलं, झाकण उघडून म्हणाल्या, "घे, तुझं अस्तर." मी हसले. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसले.

आई रोज यायची, अंथुर्ण्याहून एसटीनं. दारात उभी राहायची, मला लांबून बघायची आणि खाली जाऊन गाड्या लावतात तिथं लिंबाखाली बसायची. आत्या तिच्यासाठी डबा आणायच्या, तो तसाच परत यायचा. बाळ पुढं केलं की दोन पावलं मागं सरायची. "माझा हात नगं तिला," एवढंच म्हणायची.

एकदा वॉर्डाच्या दारातच संदीपचा तोल सुटला. "सांगत होतो की नाही मी फोनवर, दाखवा म्हणून? पाण्यावाचून मारायला निघाला होता तुम्ही तिला." आई भिंतीला टेकून उभी, मान खाली. मी खाटेवरून सगळं ऐकत होते आणि मला मध्ये पडता येत नव्हतं. जीव तोडून बोलायला गेले, आणि अस्तर, अस्तर.

आत्यांनी त्याला दंडाला धरलं. "संदीप, तुझ्या टायमाला मलाबी पाणी न्हवतं. माझ्या आईनं न्हाय दिलं. तुझ्या बहिणीच्या बाळंतपणात मी तिला न्हाय दिलं. आमी वाचलो हे आमचं नशीब. त्यांच्या एकटीच्या डोक्यावर कशाला घालतो?"

तो गप्प झाला. पण मनातून गेलं नव्हतं त्याच्या. काही दिवसांनी माझ्या खाटेशी बसून पुन्हा तेच, तुझी आई, तुझी आई. मी ऐकून घेतलं, घेतलं, आणि मग माझ्या तोंडातून निघालं,

"गप बस."

स्पष्ट. शेजारच्या खाटेवरच्या काकूंनीसुद्धा मान वळवली. संदीप माझ्याकडं बघत राहिला आणि मग ढसाढसा रडायला लागला. "परत म्हण," म्हणाला. मी परत म्हटलं. बायकोनं झापल्यावर एवढा आनंद झालेला नवरा त्या वॉर्डानं पहिल्यांदा बघितला असेल. त्यानंतर तो माझ्या आईला एक शब्द वाईट बोलला नाही.

हे वाचणारीसाठी

पडल्या पडल्या मला आमच्या भागातल्या घरांतले फोटो आठवायचे. हार घातलेली तरुण बाई, मोठं कुंकू. कोण विचारलं की सांगतात, "बाळंतपणात गेली." काय झालं होतं, ते विचारायचं नसतं. कुणाला रक्त जास्त गेलं असेल, कुणाला ताप चढला असेल, कुणाला माझ्यासारखे झटके आले असतील. सगळ्यांना एकच कारण लावून टाकलेलं, वारं नाही तर बाधा.

म्हणून जे मला कळलं ते सांगते. बाळंतिणीला तहान लागली की पाणी द्या, तिला हवं तेवढं. डोकं दुखायचं थांबत नसेल, डोळ्यांपुढं धूसर होत असेल, हातपाय जड पडत असतील, बोलणं अडखळत असेल, झटका आला असेल, ताप असेल, फार रक्त जात असेल, पाय सुजून दुखत असेल, दम लागत असेल, तर कुणाला विचारत बसू नका. गाडी काढा. लाडू, तेल, माया, सगळं करा. तेवढं पाणी देऊन करा.

तपासणी

घरी आल्यावर बोलणं हळूहळू परत आलं. अजून कधी कधी एखादा शब्द दडी मारतो. उजवा हात कात्री धरतो, पण दुपारनंतर थकतो. बाळ पालथं पडायला लागलं, माणसं ओळखायला लागलं. आई मात्र यायचं टाळायची. फोन केला की "गाय व्यायलीय", "पाहुणे येत्यात". बारशाला आली ती मागं, बायकांच्या घोळक्यात बसली आणि जेवून गेली. मी वाचले होते, पण माझी आई माझ्या हातून निसटत चालली होती, आणि त्यावर डॉक्टरांकडं गोळी नव्हती.

मग तपासणीच्या एका तारखेला मी तिला फसवलं. म्हटलं, आत्या कोऱ्हाळ्याला गेल्यात, संदीपला सुट्टी नाही, मी बाळाला घेऊन एकटी रिक्षात चढू कशी? खरं तर आत्या घरातच होत्या. त्यांनीच ही अक्कल दिली होती.

आई आली. बाळ मीच घेतलं होतं, ती पिशवी धरून मागं.

डॉक्टरबाईंनी हात दाबून बघितला, चालायला लावलं. पुढं पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्या मला चालणार नाहीत, पुढचं मूल हवं असेल तर आधी त्यांना विचारायचं, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? तुमच्या मिस्टरांना विचारलं होतं, त्यांना माहीत नव्हतं."

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई बोलली. "माझी भैण. शालन."

मला मावशी होती हे माहीत होतं. बाळंतपणात गेली, एवढंच.

"कळंबला, माझ्या म्हायेरी. पयल्या टायमाला आलेली," आई जमिनीकडं बघत सांगत होती. "डोकं लई दुखायचं तिचं. पाणी मागायची सारखी. आई द्यायची न्हाय. मी फ्राकातली पोर. मला म्हणली, शेवंते, एकच तांब्या दे गं, कुणाला सांगू नगं. म्या माठातलं आणून दिलं. गार. समदा तांब्या प्याली. दुसऱ्या दिशी तिला असेच झटके आले आन् ती गेली. आई म्हणली, कुणीतरी हिला कच्चं पाणी पाजलं. म्या कुणाला सांगितलं न्हाय. अजून न्हाय सांगितलं."

माझ्या लक्षात आलं, की माझं फुलपात्र ती कशाच्या भीतीनं मोजत होती.

डॉक्टरबाई टेबलाच्या पलीकडून उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "तुम्ही दिलेल्या पाण्यानं बहीण गेली नाही. आजार आधीच सुरू झाला होता, डोकं दुखत होतं म्हणालात ना. तहानलेल्या माणसाला तुम्ही पाणी दिलंत. त्या घरात तेवढं एकच बरोबर झालं."

आईनं मान वर केली. "मग हिला न्हाय दिलं, ते?"

"ते चुकलं," त्या म्हणाल्या. "पण एकट्या पाण्यानं हे होत नाही. आणि तुम्ही तिला माझ्यापर्यंत आणलंत."

आम्ही बाहेर आलो, औषधांच्या खिडकीशी बाकावर बसलो. माझा हात भरून आला होता, बाळ खाली खाली घसरत होतं. मला तिला खूप काही सांगायचं होतं आणि आता सांगता येत होतं, पण मी थांबले.

ती आपणहून म्हणाली, "पाणी प्याली आन् हसली व्हती गं शाली. लई बरं वाटलं म्हणली. माझा गालगुच्चा घेतला." पिशवीचे बंद पिळत म्हणाली, "ते मी आठवतच न्हवते."

मग तिनं पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले.

"आण हिकडं तिला. तुझा हात अवघडलाय."

बाळ तिच्या मांडीवर गेलं, तिच्याकडं डोळे मोठे करून बघितलं आणि भोकाड पसरलं. बाळाला ही बाई ओळखीची नव्हती. मी घ्यायला पुढं झाले तर आईनं माझा हात बाजूला केला. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागली.

"रड बाई, रड," म्हणाली. "आता मी कुठं जात न्हाय."